चार्ल्सटनची तीन दिवसांची सहल : रंगीत घरं बघाच, पण ती कुणाच्या कष्टांवर उभी राहिली तेही बघा

इन्स्टाग्रामवर हा फोटो तुमच्या नजरेखालून नक्की गेला असेल. गुलाबी, फिकट पिवळी, आकाशी, पिस्ता रंगाची एकमेकांना खेटून उभी असलेली तेरा जुनी घरं आणि समोर ताडासारखी दिसणारी झाडं. या घरांच्या रांगेला ‘रेनबो रो’ म्हणतात आणि ती आहे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या चार्ल्सटन शहरात.

शार्लट, अटलांटा, रॅले या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी चार्ल्सटन म्हणजे लाँग वीकेंडचं सोयीचं ठिकाण. मुलांकडे काही महिने राहायला आलेल्या आई-बाबांना दाखवायलाही छान. समुद्र आहे, किल्ला आहे, घोडागाडी आहे आणि पायी फिरता येईल एवढंच जुनं शहर आहे.

बहुतेक लोक फोटो काढतात, घोडागाडीत बसतात, बाजारातून मिठाई घेतात आणि परततात. त्यात अर्धंच शहर बघून होतं. उरलेलं अर्धंही बघायचं असेल, तर ठिकाणांइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. तो कसा लावायचा, ते पाहूया.

सगळ्यात आधी : तिकीट कुठल्या चार्ल्सटनचं?

अमेरिकेत या नावाची एकापेक्षा जास्त शहरं आहेत. वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या राजधानीचं नावही चार्ल्सटनच! आपल्याला जायचंय ते साउथ कॅरोलायना राज्यातल्या समुद्रकाठच्या शहरात. विमानाचं तिकीट काढताना विमानतळाचा कोड ‘सीएचएस’ आहे ना, हे तपासा. ‘सीआरडब्ल्यू’ दिसला तर तुम्ही डोंगरात पोहोचाल.

भारतातून थेट विमान नाही, अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर बदलावं लागतं. गाडीनं शार्लटहून साधारण साडेतीन तास, रॅलेहून साडेचार आणि अटलांटाहून पाच तास लागतात. असंच दुसरं जुनं शहर सव्हाना इथून दोन तासांवर आहे, पण तीन दिवसांत दोन्ही शहरं कोंबू नका. एकही धड बघून होत नाही.

कधी जावं?

मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम. जून ते ऑगस्ट इथली हवा ऐन मे महिन्यातल्या रत्नागिरीसारखी असते. ऊन, दमटपणा आणि घामाच्या धारा. वयस्कर मंडळी सोबत असतील तर हे महिने टाळलेलेच बरे.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. अटलांटिक महासागरातल्या चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. सप्टेंबर १९८९ मध्ये आलेल्या ‘ह्यूगो’ वादळानं या शहराचं मोठं नुकसान केलं होतं. त्यामुळे या काळात जाणार असाल तर पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा. दुसरं म्हणजे मेअखेरीपासून सतरा दिवस इथं ‘स्पोलेटो’ हा कलामहोत्सव भरतो. संगीत-नाटकाची आवड असेल तर पर्वणी, नसेल तर हॉटेलांची गर्दी आणि वाढलेले दर.

राहायचं कुठं, फिरायचं कसं?

जुनं शहर ॲशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर वसलंय. तिथली हॉटेलं महाग आहेत. खर्च वाचवायचा तर नॉर्थ चार्ल्सटन, वेस्ट ॲशली किंवा माउंट प्लेझंट इथं राहा आणि सकाळी गाडी घेऊन शहरात या.

गाडी एखाद्या सार्वजनिक पार्किंग इमारतीत लावली की दिवसभर पायी फिरा. थकलात तर ‘डॅश’ नावाची मोफत बस आहे. जुन्या गल्ल्यांमध्ये दगड-गोटे बसवलेले आहेत, त्यामुळे चप्पल-सँडलपेक्षा चांगल्या सोलचे बूट बरे.

घोडागाडीची एक गंमत आधीच माहीत असलेली बरी. गाडी कुठल्या भागात जाणार, हे गाडीवाला ठरवत नाही. गर्दी होऊ नये म्हणून निघताना सोडत काढून मार्ग ठरवला जातो. म्हणजे ‘रेनबो रो’ दिसेलच याची खात्री नाही. ती रांग पायीच गाठा.

शहराकडे एवढा पैसा आला कुठून?

हे समजलं की पुढचं सगळं उलगडत जातं. इंग्रजांनी १६७० मध्ये इथं वसाहत केली आणि राजा दुसरा चार्ल्स याच्या नावावरून तिला ‘चार्ल्स टाउन’ म्हटलं. पुढच्या शतकभरात हे अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एक झालं. कशामुळे? मुख्यतः तांदळामुळे!

गोव्यातल्या खाजन शेतीत बांध घालून आणि ‘मानस’ नावाची दारं बसवून खारं पाणी अडवतात, हे अनेकांना ठाऊक असेल. इथल्या नद्यांच्या काठी काहीसं असंच तंत्र होतं. भरतीच्या वेळी समुद्राच्या रेट्यानं नदीचं गोडं पाणी वर चढायचं. बांधातली दारं उघडून ते भातखाचरात घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं. मैलोन्‌मैल बांध घालायचे, दलदल उपसायची, डास आणि सापांमध्ये गुडघाभर पाण्यात राबायचं, नंतर उखळ-मुसळानं भात कांडायचा. हे सगळं काम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून करून घेतलं गेलं.

यातले अनेकजण पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या किनाऱ्यावरचे होते. भातशेतीचं ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं. मालकांनी त्यांचे हातही वापरले आणि त्यांची अक्कलही. नफा मात्र त्या रंगीत घरांत गेला.

पहिला दिवस : सुरुवात धक्क्यापासून

बहुतेक लोक सहलीची सुरुवात ‘रेनबो रो’पासून करतात. तुम्ही ‘इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम’पासून करा. जून २०२३ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय ‘गॅड्सडेन्स वॉर्फ’ या जुन्या धक्क्याच्या जागेवर आहे. गुलामांना घेऊन येणारी जहाजं इथं लागायची. आज जी अमेरिका आहे त्या भूमीवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांपैकी सुमारे ४० टक्के लोक चार्ल्सटनच्या बंदरातून आले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. परदेशातून गुलाम आणण्यावर १८०८ मध्ये देशभर बंदी आली. त्याआधीच्या शेवटच्या काही वर्षांत याच धक्क्यावर हजारो माणसं उतरवली गेली.

संग्रहालयाची इमारत खांबांवर उभी आहे, कारण खालची जमीन मोकळी ठेवायची होती. तिथं स्मृतिउद्यान आहे. पाण्याच्या एका उथळ पटांगणात जमिनीवर माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत, जहाजाच्या तळघरात जशी दाटीवाटीनं झोपवत तशा. पाणी येतं, आकृत्या झाकते, ओसरतं आणि त्या पुन्हा दिसतात. इथं दोन-अडीच तास तरी ठेवा. वेळेची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा.

दुपारी दक्षिणेकडे चालायला लागा. वाटेत ‘सिटी मार्केट’ लागेल. इथं गुलामांचा बाजार भरायचा, असा समज आहे, पण तो चुकीचा आहे. हा भाजी-मांसाचा बाजार होता. माणसांचे लिलाव इतरत्र व्हायचे. सुरुवातीला ते जुन्या ‘एक्स्चेंज’ इमारतीजवळ उघड्यावर होत. १८५६ मध्ये शहरानं उघड्यावरच्या लिलावांना बंदी घातली, पण ती कणव आली म्हणून नव्हे! रस्त्यावर अडचण होते म्हणून. मग हा धंदा बंद वाड्यांत गेला. चामर्स स्ट्रीटवरचं ‘ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम’ हे असंच एक लिलावघर. लहानसं आहे, तासाभरात बघून होतं.

मार्केटमध्ये बायका-पुरुष गवताच्या टोपल्या विणत बसलेले दिसतील. ‘स्वीटग्रास’ नावाच्या गवताच्या या टोपल्यांचा मूळ प्रकार म्हणजे चक्क आपलं सूप, भात पाखडण्यासाठी केलेलं. ही कला आफ्रिकेतून आली आणि आईकडून मुलीकडे जात टिकली. किंमत ऐकून दचकू नका, एका टोपलीमागे दिवसचे दिवस जातात. घासाघीस टाळा आणि फोटो काढण्याआधी विचारा.

आता ‘रेनबो रो’ आणि पुढे ‘बॅटरी’ या समुद्राकाठच्या बागेपर्यंत चालत जा. १९३० च्या दशकापर्यंत ही घरं पडायला आली होती. त्यांची दुरुस्ती करताना हे फिकट रंग देण्यात आले. म्हणजे हे रंग दोन-तीनशे वर्षं जुने नाहीत! १९३१ मध्ये चार्ल्सटननं ऐतिहासिक भागाच्या जतनासाठी नियम केले. असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर.

घरांच्या भिंतींवर मध्येच लोखंडी चकत्या दिसतील. ३१ ऑगस्ट १८८६ ला इथं मोठा भूकंप झाला. त्यानंतर भिंती धरून ठेवण्यासाठी घरांत आरपार सळया घातल्या, त्यांची ही टोकं. आणि अनेक घरांचं तोंड रस्त्याकडे का नाही? कारण ही घरं रस्त्याकडे फक्त एका खोलीइतकी रुंद असतात आणि लांबलचक ओसरी बाजूला असते, समुद्राचा वारा मिळावा म्हणून.

दुसरा दिवस : जलदुर्ग आणि एक चर्च

सकाळची पहिली बोट धरून ‘फोर्ट सम्टर’ला जा. जंजिरा किंवा सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला हा किल्ला ठेंगणा वाटेल. पण १२ एप्रिल १८६१ ला पहाटे साडेचार वाजता याच किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतली राज्यं देशातून फुटली होती आणि त्यात सर्वांत पहिलं राज्य होतं साउथ कॅरोलायना.

मराठी माणसाला इथं एक आठवण यायला हवी. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेतली गुलामगिरी संपवण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून फुले ज्या लढ्याकडे आदरानं पाहत होते, त्यातल्या युद्धाची पहिली तोफ या बंदरात धडाडली. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेबद्दल शाळेत वाचलेल्या आई-बाबांना ही गोष्ट बोटीवर सांगा. किल्ला एकदम जवळचा वाटू लागेल.

बोटीतूनच आणखी एक जागा मनात ठेवा : रॉबर्ट स्मॉल्स जिथून गेला तो जलमार्ग. हा तेवीस वर्षांचा गुलाम ‘प्लँटर’ नावाच्या दक्षिणेच्या लष्करी बोटीवर सुकाणू धरायचा. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना त्यानं बोट काढली, दुसऱ्या धक्क्यावरून आपली आणि सोबत्यांची बायकामुलं घेतली, कप्तानाची टोपी डोक्यावर चढवली आणि ठरलेली शिट्टी वाजवत फोर्ट सम्टरच्या तोफांसमोरून बोट बाहेर नेली. पुढे उत्तरेच्या नौदलाला पांढरी चादर दाखवून सगळे सुटले. हाच स्मॉल्स युद्धानंतर अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेला.

बोटीचं येणं-जाणं आणि किल्ल्यावरचा वेळ मिळून सव्वादोन तास धरा. किल्ल्यावर सावली कमी आहे, टोपी आणि पाणी जवळ ठेवा.

परतल्यावर कॅलहून स्ट्रीटवरचं ‘इमॅन्युएल ए.एम.ई. चर्च’ गाठा. लोक त्याला ‘मदर इमॅन्युएल’ म्हणतात. १८२२ मध्ये डेन्मार्क व्हेसी यानं गुलामांच्या उठावाची योजना आखल्याच्या आरोपावरून त्याला आणि चौतीस जणांना फाशी दिलं गेलं, आणि ही मंडळी ज्या चर्चशी जोडलेली होती ते पाडून टाकलं गेलं. तीच ही मंडळी. आजची इमारत १८९१ ची. १७ जून २०१५ च्या संध्याकाळी इथं बायबलचं वाचन चालू होतं. एक अनोळखी गोरा तरुण आला, त्याला बसायला जागा दिली गेली. त्यानं नऊ जणांना गोळ्या घालून मारलं. त्यानंतरच्या महिन्यात राज्याच्या विधानभवनासमोरचा, युद्धकाळातल्या दक्षिणेचा झेंडा उतरवण्यात आला.

ज्या रस्त्यावर हे चर्च आहे, त्याला ज्याचं नाव आहे तो जॉन कॅलहून गुलामगिरीचा कट्टर समर्थक होता. जवळच्या मॅरियन स्क्वेअरमधला त्याचा पुतळा जून २०२० मध्ये हटवला गेला. रस्त्याचं नाव मात्र आजही तेच आहे. हे प्रार्थनास्थळ आहे आणि इथं आजही लोक येतात, तेव्हा सेल्फी न काढता दोन मिनिटं उभं राहणं शोभून दिसेल.

इथून चालत जाण्याजोग्या अंतरावर ‘एकेन-रेट हाउस’ आहे. बाकीचे वाडे रंगवून-सजवून दाखवतात, हा जसा उरला तसाच राखलाय. भिंतीवरचा कागद सोललेला, छत काळवंडलेलं. दिवाणखान्यातून मागच्या अंगणात आलात की स्वयंपाकघर, तबेला आणि त्यावरच्या गुलामांच्या खोल्या दिसतात. एकाच आवारात दोन जगं कशी नांदत होती, ते इथं शब्दांशिवाय कळतं. या घराचा मालक विल्यम एकेन राज्याचा गव्हर्नर होता. त्याच्या भातशेतीवर शेकडो गुलाम राबत होते.

तिसरा दिवस : मळा आणि समुद्र

चार्ल्सटनभोवती जुने मळे आहेत, त्यांना ‘प्लँटेशन’ म्हणतात. ‘बून हॉल’ची ओक वृक्षांची कमान, ‘मिडलटन प्लेस’च्या बागा सुंदर आहेत. पण हातात अर्धाच दिवस असेल तर जेम्स बेटावरचा ‘मॅक्लाऊड’ मळा निवडा. इथले मार्गदर्शक मालकाच्या बंगल्यापेक्षा गुलामांच्या खोल्यांची गोष्ट आधी सांगतात. या लाकडी खोल्यांत १९९० पर्यंत माणसं राहत होती!

मळ्यांवरच्या फोटोंबद्दल एक सूचना. या जागांवर लग्नं आणि फोटोशूट करण्याची तिथं मोठी हौस होती. २०१९ च्या अखेरीस पिंटरेस्टनं अशा लग्नांच्या मजकुराला प्रोत्साहन देणं थांबवलं. ‘बून हॉल’वर लग्न केलेल्या अभिनेता रायन रेनॉल्ड्सनं २०२० मध्ये त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. फोटो जरूर काढा, पण गुलामांच्या खोल्यांच्या दारात पोज देऊन नव्हे.

दुपारी सलिव्हन्स बेटावर जा. तिथल्या ‘फोर्ट मोल्ट्री’ची गोष्ट मुलांना आवडते. २८ जून १७७६ ला इंग्रजांच्या जहाजांनी या अर्धवट बांधलेल्या किल्ल्यावर तोफा डागल्या. भिंती होत्या पाल्मेटो झाडाच्या ओंडक्यांच्या. हे लाकूड मऊ, चिवट असल्यानं तोफगोळे त्यात रुतून बसले आणि किल्ला टिकला. राज्याच्या झेंड्यावर हे झाड आहे ते म्हणूनच. संध्याकाळी परतताना ‘रॅव्हेनेल’ पुलावर चालायची वेगळी वाट आहे. तिथून बंदराचा सूर्यास्त बघा.

खायचं काय? शाकाहारींनी जरा जपून!

इथलं खाणं ‘गल्ला गीची’ लोकांचं देणं आहे. किनाऱ्यावरच्या बेटांवर राहिलेल्या गुलामांचे हे वंशज, त्यांनी आपली बोली आणि चवी जपल्या. मांसाहारी असाल तर ‘श्रिम्प अँड ग्रिट्स’ चुकवू नका. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, वर कोळंबी.

शाकाहारींची फसगत होते ती नावांमुळे. ‘हॉपिन जॉन’ हा चवळी-भात वाटतो, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. टोमॅटो घातलेल्या ‘रेड राइस’मध्ये सॉसेज, ‘कॉलर्ड ग्रीन्स’ या पालेभाजीत हॅम, भेंडीच्या सूपमध्येही मांस. नुसतं ‘मीट नको’ म्हणणं पुरत नाही. पोर्क, बेकन, लार्ड आणि मांसाचा स्टॉक यांची नावं घेऊन विचारा. चीज घातलेल्या साध्या ग्रिट्स, कच्च्या टोमॅटोचे तळलेले काप हे पर्याय बरे, तेल कुठलं तेवढं विचारून घ्या.

घरी न्यायला ‘बेनी वेफर्स’ घ्या. बेनी म्हणजे तीळ! हेही आफ्रिकेतून आलेल्या लोकांनीच इथं रुजवलं. तिळाची ही पातळ, कुरकुरीत बिस्किटं संक्रांतीची आठवण करून देतात.

निघण्याआधी हे तपासा

- संग्रहालयं कुठल्या दिवशी बंद असतात ते बघा. काही सोमवारी, काही रविवारी बंद असतात. लाँग वीकेंडला हमखास घोळ होतो.
- भरतीचं वेळापत्रक बघा. मोठ्या भरतीला पाऊस नसतानाही सिटी मार्केटजवळच्या सखल रस्त्यांवर पाणी येतं. मुंबईकरांना हे नवं नाही, पण भाड्याची गाडी त्या पाण्यात घालू नका.
- फोर्ट सम्टरची बोट आणि आफ्रिकन अमेरिकन म्युझियम यांची तिकिटं आधी काढा. बाकीचं आयत्या वेळी जमतं.
- लहान मुलं सोबत असतील तर गुलामगिरी म्हणजे काय, हे घरूनच सोप्या शब्दांत सांगून ठेवा. तिथं ती प्रश्न विचारतातच.

जून २०१८ मध्ये चार्ल्सटनच्या नगर परिषदेनं गुलामगिरीतल्या आपल्या वाट्याबद्दल अधिकृत माफी मागितली. माफीच्या ठरावापेक्षा बोलकी गोष्ट मात्र भिंतींमध्ये आहे. या भागातल्या जुन्या विटा गुलामांनी, त्यांच्या मुलांनी हातानं थापलेल्या होत्या. ओल्या विटा उचलताना उमटलेले बोटांचे ठसे काही ठिकाणी आजही दिसतात. रंगीत घरांचे फोटो काढून झाले की जुन्या विटांच्या भिंतीपाशी जरा थांबा आणि ते ठसे शोधा. काही ठसे इतके लहान आहेत की मोठ्या माणसाचं बोट त्यात बसत नाही.